मांजरीला श्रावण नसतो

घोडबंदर रोडवर फ्लॅट मिळतो, मांजर मिळत नाही. फ्लॅटसाठी बँकेला पगाराची स्लिप पुरते. मांजर दत्तक देणारी मंडळी मात्र खिडक्यांना जाळ्या आहेत का, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, उद्या बदली झाली तर तिचं काय करणार, वयात आल्यावर नसबंदी करून घ्याल ना, असं सगळं विचारतात आणि उत्तरांवर विश्वास न ठेवता फोटो मागतात. आमचा मजला चौदावा, त्यामुळे जाळ्यांचे फोटो आतून, बाहेरून आणि कोपऱ्यांतून पाठवावे लागले. माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी याच्या निम्मी चौकशी केली असती तर आज हा लेख मी घरात एकटाच बसून लिहीत असतो.

एवढ्या चौकशीत पोटाचा विषय काही निघाला नाही. ‘ती सगळं खाते’ एवढंच कळलं. हे वाक्य पाहुणा, भाडेकरू किंवा मांजर यांच्याबद्दल कुणी उच्चारलं, की ऐकणाऱ्याने तिथेच थांबवून विचारायचं असतं: खाते ते ठीक, पचतं काय?

आषाढातल्या एका धो-धो पावसात, पाच-सहा महिन्यांची ही पांढरीशुभ्र बाई टोपलीत बसून डोंबिवलीहून निघाली. कापूरबावडीपर्यंत ती शांत होती. तिथून पुढे मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे उड्डाणपूल येतात. पूल चढताना ती ओरडायची आणि पुलावरून उतरल्यावर खड्ड्यांमुळे आम्ही. घरी पोचेपर्यंत मुलीने तिचं नाव बर्फी ठेवलं होतं. आईला ते आवडलं नाही, कारण घरात येताना जिचं नाव खाण्यावरून पडतं तिचं पुढे सगळं खाण्यावरूनच होतं, असं तिचं म्हणणं पडलं. आईची भाकितं सहसा वाईट असली की खरी ठरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फीचं पोट बिघडलं. नवं घर, नवे वास, नवी माणसं आणि नवं खाणं हे सगळं एका दिवसात आलं, की मांजरीचं आतडं काम बंद आंदोलन करतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या सकाळी आम्हाला फक्त ट्रे दिसत होता.

ट्रेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे कित्येक दिवस घरातल्या संभाषणाचा तो मध्यबिंदू होता. प्युरिना कंपनीने प्राण्यांच्या शीला एक ते सात गुण देणारा सचित्र तक्ता काढला आहे. एक म्हणजे सुटे कडक खडे, सात म्हणजे निव्वळ पाणी, आणि दोन पडले की उत्तम. मुलीने तो फ्रिजवर लावला. सकाळी ती मोबाइलचा टॉर्च घेऊन ट्रेपाशी उकिडवी बसायची आणि आतून ओरडायची, “बाबा, साडेपाच!” तिच्या दहावीच्या गुणांवर आम्ही एवढी चर्चा केली नव्हती. शिवाय इथे गुण कमी पडले की पेढे वाटायचे होते.

डॉक्टरांना दाखवायला म्हणून या साऱ्याचे फोटो माझ्या फोनमध्ये जमत गेले. ऑफिसात एका सहकाऱ्याने भाच्याच्या मुंजीचे फोटो बघायला मागितले. मातृभोजनाचा फोटो त्याने कौतुकाने पाहिला, बोट सरकवलं, गप्प झाला, आणि फोन परत देताना म्हणाला, “वहिनींना सांग, काळजी घ्या.” काय समजला कोण जाणे. मी खुलासा केला नाही, कारण खुलाशासाठी तक्ता समजावून सांगावा लागला असता.

आता, मराठी माणसाला स्वतःचं पोट असल्यामुळे पोटाचा डॉक्टर तो जन्मतःच असतो. हृदयाला, गुडघ्याला तज्ज्ञ लागतो. पोटाला कुणीही चालतं. बातमी लिफ्टमधून खाली गेली आणि औषधं वर यायला लागली. आईने आधी लंघन सुचवलं. मग नातीच्या वेळची बाळघुटीची पेटी माळ्यावरून काढायला लावली. सहाणेवर मुरुडशेंग, बाळहिरडा, वेखंड आणि जायफळ यांचे वेढे मोजून उगाळले गेले. बर्फीने लांबूनच वास घेतला आणि ती जी वॉशिंग मशीनमागे गेली ती दुपारी बाहेर आली. बाराव्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली घेऊन आले आणि मांजरीला संतापी स्वभावाचं म्हणायचं की भित्र्या, यावर औषध ठरेल म्हणाले. पोळ्यांच्या मावशींचं मत पडलं की या मांजरीला दूधपोळी कुस्करून मिळालेली नाही, हाच तिचा आजार आहे. कावेसरहून मासे घेऊन येणाऱ्या ताईंनी तर पाटी उतरवतानाच निकाल दिला, “मांजरीला म्हावरा नाय देनार, तं काय पुरनपोली देनार?” आणि मूठभर सुकट वर्तमानपत्रात बांधून फुकट दिली. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर विषय थेट जंगलापर्यंत गेला. येऊरचे डोंगर आमच्या खिडकीतून दिसतात, त्यामुळे कट्ट्यावर प्रत्येक चर्चेत एक बिबट्या येतोच. “त्याला बघा कधी जुलाब होतात का! कच्चं खातो.” बिबट्याच्या पोटाची खबर यांना कोण देतं, हे विचारायचं राहून गेलं.

आईचा शेवटचा सल्ला होता, “परळच्या बैलघोड्याला न्या.” मुंबईतल्या जुन्या माणसांसाठी जनावरांचं हॉस्पिटल एकच, बैलघोडा. त्याच आवारात 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेव्हा सल्ला वावगा नव्हता. पण पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून परळ म्हणजे मांजर म्हातारी होऊन पोचायची. आम्ही जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

डॉक्टर तरुण होत्या आणि त्यांना मराठी घरांचा अनुभव दांडगा होता. “कुणी काय काय दिलंय?” हा त्यांचा पहिला प्रश्न. यादी ऐकताना त्यांनी एकदाच पेन खाली ठेवलं, जायफळाला. मग एकेक निकाल लागत गेला. लंघन मुळीच नाही: माणसाला उपास मानवतो, पण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर अंगातली चरबी यकृतात साचून जिवावर बेतू शकतं, आणि पिल्लाला तर तेवढाही वेळ नसतो. माणसाच्या गोळ्या नाहीत. तापाची साधी पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे. सुकटीत मीठ फार. कच्च्या मांसातून जंतू. आणि दूध बंद. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरींच्या पोटात दुधातली साखर पचवणारं द्रव्य तयार व्हायचं कमी होतं, मग ते दूध आतड्यात आंबतं. मांजर डोळे मिटून दूध पिते असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. नंतर काय होतं, ते म्हण करणाऱ्याने सांगितलेलं नाही. बहुधा त्याच्या घरी ट्रे नव्हता.

“आणि कांदा-लसूणही चालत नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “त्याने यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.” घरी आल्यावर आईला एवढं एकच सांगितलं आणि तिच्या नजरेत बर्फीबद्दल प्रथमच आदर दिसला. चातुर्मास पाळणारी मांजर तिने आजवर पाहिली नव्हती.

औषध ठरवण्याआधी नमुना तपासायचा होता, तोही ताजा. काही परजीवी शरीराबाहेर फार वेळ तग धरत नाहीत, म्हणून नमुना जितका शिळा तितकी तपासणी फोल. ताजा म्हणजे किती, ते मी विचारलं. “तासाभरात आणा,” डॉक्टर म्हणाल्या. त्या बहुधा घोडबंदर रोडवर राहत नसाव्यात. बर्फीने सकाळी साडेआठचा मुहूर्त धरला, म्हणजे अख्खा घोडबंदर ठाणे स्टेशनकडे निघतो तो. डबी रुमालात गुंडाळून मी शेअर रिक्षात बसलो. डाव्या हाताला मेट्रोचे खांब, उजव्या हाताला कंटेनर, मधे आम्ही तिघं प्रवासी आणि नमुना. शेजारच्या बाईंनी डबीकडे बघून विचारलं, “प्रसाद का?” मी “नाही, नाही” म्हणून डबी खिशात घातली तर त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, “आजकाल कुणी कुणाला प्रसादसुद्धा देत नाही.” रिक्षा हलत नव्हती. माझ्या खिशात शास्त्र हळूहळू मरत होतं.

तरी अंडी सापडली, जंतांची. ती चिवट असतात, रहदारीला दाद देत नाहीत. वजनावर जंताचं औषध ठरलं, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा घ्यायचं. आणि पोट शांत होईपर्यंत खाणं एकच: बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, त्यात चमचाभर शिजवलेला लाल भोपळा. दुसरं काहीही नाही. “आजपासून सुरू करा,” असं म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर तारीख घातली. गटारी आदल्या दिवशीच झाली होती. श्रावणाचा तो पहिला दिवस होता.

आमच्या घरात श्रावण कडक. अकरा महिने आम्ही काय खातो ते देव बघत नाही, बाराव्यात आई बघते. चिठ्ठी वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ती मांजर आहे. तिला कसला श्रावण? श्रावण तुला आहे.” निवाडा झाला, आणि चिकन शिजवण्याचं काम घरात माझ्याकडे आलं.

श्रावणात चिकनच्या दुकानात जाणारा मराठी माणूस आजूबाजूला बघत जातो. पाव किलो बोनलेस मागितल्यावर दुकानदाराने सुरा परजत विचारलं, “कढईचे पीस करू की बिर्याणीचे?” 

“कसेही करा, मांजरीसाठी आहे.” 

“हो ना,” तो म्हणाला, “श्रावणात सगळ्यांचं मांजरीसाठीच असतं.” 

मागे कुणीतरी खाकरलं. वळून पाहिलं तर आमच्याच सोसायटीच्या कमिटीतले एक सद्‌गृहस्थ, छत्री नको इतकी खाली धरलेली. “कुत्र्यासाठी,” ते म्हणाले. त्यांच्याकडे कुत्रा नाही. “गावाकडच्या,” त्यांनी पुस्ती जोडली. गाव सावंतवाडीजवळ. आम्ही दोघांनीही एकमेकांच्या जनावरांच्या तब्येतीची आस्थेने चौकशी केली.

घरी स्वयंपाकघराच्या दारात आई खुर्ची टाकून बसायची. भांडं वेगळं, चमचा वेगळा, चिमटा वेगळा. “चाखून बघायचं नाही हां.” 

“अगं आई, मीठसुद्धा नाही त्यात, चाखू काय?” 

“तेच म्हणते मी.”

भोपळ्याची तऱ्हा वेगळीच. चमचाभर भोपळा कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळत नाही. फोड घ्यावी लागते आणि फोड एकटी संपत नाही. त्यामुळे बर्फी चमचाभर खायची आणि उरलेला भोपळा आम्हा चौघांना: सकाळी भाजी, संध्याकाळी भरीत, रविवारी घारगे. एका गॅसवर तिच्यासाठी कोंबडी रटरटते आहे आणि दुसऱ्या गॅसवर माझे घारगे फुगताहेत, हे दृश्य मी महिनाभर पाहिलं. भोपळ्याचा परिणाम चांगला झाला. कुणाकुणावर, ते सांगत नाही.

बर्फीचे गुण सुधारले. साडेपाचचे चार, चाराचे साडेतीन. मग एका सकाळी आतून आरोळी आली, “सहा!” जंत गेलेले, चिकन तेच, भोपळा तोच. डॉक्टरांनी फोनवर शांतपणे विचारलं, “घरात आणखी कोण कोण राहतं?”

चौकशी बसली. मांजर ही एक जन्मजात उपाशी दिसणारी व्यक्ती आहे. मोठ्या मांजरी एकमेकींशी सहसा म्यांव करत नाहीत, ती भाषा त्यांनी मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवली आहे, आणि आमच्या घरातली माणसं तिला पाठ झाली होती. आईकडे ती सकाळी दूध तापताना जायची. “दूध कुठे दिलं? सायच तर दिली.” मावशी पोळीचा पहिला पापुद्रा तुपात बुडवून द्यायच्या, कारण पहिला घास मुक्या जनावराचा. मुलीच्या दप्तरात चिकट पेस्टच्या त्या महागड्या नळ्या निघाल्या. बायकोने मात्र काहीही दिलेलं नव्हतं, फक्त ताट जरा खाली ठेवलं होतं. घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच तिच्यावर माया करतो आहोत. पोटाला अशी संयुक्त माया सोसत नाही.

त्या दिवशी मला मांजराचं पथ्य म्हणजे काय ते कळलं: ते माणसांनी पाळायचं असतं. बर्फीला वेगळं खाणं निवडणं सोपं होतं. कठीण होतं ते चार माणसांना तिच्याकडे बघून न विरघळण्याची सवय लावणं. आईने त्यावर तोड काढली. बर्फीने म्यांव केलं की ती रामरक्षा म्हणायला लागायची. हल्ली रामरक्षा सुरू झाली की मांजर येऊन बसते. पाहुण्यांना तिच्या भक्तीचं कौतुक वाटतं.

सत्यनारायणाच्या शिऱ्याची परीक्षाही याच सुमारास झाली. प्रसाद नाही म्हणायचा नसतो म्हणून कुणीतरी बोटभर तिच्यापुढे धरलाच. तिने हुंगला आणि निघून गेली. मांजरीला गोड चव कळतच नाही. अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2005 साली दाखवून दिलं, की गोड ओळखणाऱ्या यंत्रणेतलं एक जनुक मांजरकुळात निकामी होऊन बसलंय, वाघासकट. बर्फी नावाच्या प्राण्याला बर्फी म्हणजे काय ते जन्मात कळणार नाही. आई म्हणाली, “बरं झालं, नैवेद्याला तोंड लागणार नाही.”

पण नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजर जगवता येत नाही. त्यात कॅल्शियम पुरेसं नाही, आणि टॉरिन नावाचं द्रव्य उकळताना बरंचसं पाण्यात उतरतं. मांजरीचं शरीर ते स्वतः पुरेसं बनवत नाही. पॉल पियॉन नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने 1987 साली दाखवलं, की खाण्यात टॉरिन कमी पडलं तर मांजरीचं हृदय फुगून दुबळं होतं, आणि ते दिलं तर सुधारतं. तेव्हापासून डब्यातलं, पिशवीतलं खाणं बनवणारे त्याचा हिशेब ठेवतात. तेव्हा आता पिल्लांचं तयार खाणं आणून, सवय लावत, आठवडा-दहा दिवसांत बदल करायचा होता: आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण.

आमच्या भागात पेट शॉप आता मेडिकलच्या दुकानांशी स्पर्धा करताहेत. आत शिरलं की भिंतभर मांजरी आपल्याकडे बघतात, सगळ्यांचं पोट उत्तम. पिशवीवर सॅमनचा फोटो, भाव सुरमईचा. सोबत बाराव्या मजल्यावरचे काका होते. त्यांनी पिशवी उलटी केली, चष्मा वर केला आणि हादरले: “यात राख आहे! चक्क छापलंय!” दुकानातल्या पोराने समजावलं, की खाणं जाळून जे उरेल ते म्हणजे त्यातले क्षार, त्याला ‘ॲश’ म्हणतात, कुणी मुद्दाम राख टाकत नाही. काकांचं समाधान झालं नाही, पण आकडे दिसले की त्यांच्यातला बँकवाला जागा होतो. मेंटेनन्सच्या बिलामागे त्यांनी हिशेब मांडला. ओल्या पाऊचमध्ये प्रोटीन आठ टक्के, कोरड्या खाण्यात तीस. मी अर्थातच कोरड्याकडे हात नेला. “थांबा! पाऊचमध्ये पाणी ऐंशी टक्के. म्हणजे माल वीस, त्यात प्रोटीन आठ. झाले चाळीस टक्के. तुमच्या कोरड्यात पाणी दहा, माल नव्वद, प्रोटीन तीस. म्हणजे तेहतीस. कर्ज घेताना व्याजदर असाच बघायचा असतो, साहेब.” दुकानातला पोरगा वहीत उतरवून घेत होता. शेवटी आम्ही दोन्ही घेतलं. मांजर मुळात पाणी कमी पिते, म्हणून ओलं, आणि रोज ओलं परवडत नाही, म्हणून कोरडं.

बदल हळू करायचा होता, पण वर्षाचं वेळापत्रक आमच्या हातात नव्हतं. श्रावण संपला की चौथ्या दिवशी गणपती. घरात गणपती आणि गॅसवर चिकन ही कल्पना आईला बोलूनही दाखवता आली नसती. त्यामुळे तक्त्याशेजारी कालनिर्णय आलं आणि नव्या खाण्याचं प्रमाण तिथीनुसार वाढत गेलं. पिठोरी अमावास्येला पाऊण भाग, हरितालिकेला पूर्ण. त्या दिवशी ट्रेमधून आकडा आला, “दोन!” मुलीने खरोखरच पेढे मागवले.

एक पेच उरला होता. कोरड्या खाण्यातही कोंबडी आहे आणि मासा आहे, आणि पिशवीवर तो ठसठशीत दिसतो. मुलीने हे आजीच्या लक्षात आणून दिलं. आईने पिशवी निरखली, फोटो भिंतीकडे करून ती कपाटात ठेवली आणि म्हणाली, “पिशवीतलं आहे ना? मग ते औषध.”

गणपतीत दर्शनाला कमिटीतले ते सद्‌गृहस्थ सहकुटुंब आले. मोदक झाले, आरती झाली. बर्फी सोफ्यावर पसरली होती, वजन दिसण्याइतकं वाढलेलं. वहिनी आत आईशी बोलायला गेल्यावर ते माझ्या बाजूला सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, “पुढच्या श्रावणाआधी आम्हालाही एक मांजर बघायची आहे. तुमच्या ओळखीत कुणी देणारं असेल तर सांगा. पोटाची जरा नाजूक असली तरी चालेल.”